सातवा गडी

दादा,

परवा चावडीपुढं गडी वाटले. तू जाऊन पुरता दीड महिनाही झाला नाही, पण यात्रा कुणासाठी थांबत नाही आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची गडीवाटणीही थांबली नाही. ती थांबावी असं मला वाटत होतं, हे तुला खरंच सांगते. कुस्त्या संपल्या, पाळणेवाले सामान बांधू लागले, आणि मी मनात म्हणत होते, या साली कुणीतरी शहाण्यासारखं बोलावं की राहू द्या, त्या घरात दुःख आहे. कुणी बोललं नाही. आता वाटतं, बरं झालं.

मोशीबाहेरच्या माणसाला हे प्रकरण समजावणं कठीण. आमच्या शाळेवर नवे हेडमास्तर आलेत, त्यांना मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "म्हणजे खेळ होतच नाही? नुसती माणसं वाटून घेता?" नुसती! गावाकडून आजवर जे जे हुतूतू खेळले, मेलेले-जिवंत, म्हातारे-तरणे, त्यांतले सात वरच्या आळीनं घ्यायचे आणि सात खालच्या आळीनं. आळीपाळीनं एकेक नाव पुकारायचं. जिवंत गड्यानं उठून त्या बाजूला जाऊन बसायचं. मेलेल्याच्या जागी त्याच्या घरचं कुणी बसायचं, आणि घरी बसायला कुणी नसेल तर त्याचं पागोटं आणून ठेवायचं. मग यांच्यात सामना झाला असता तर कोण जिंकलं असतं, यावर पुढच्या यात्रेपर्यंत भांडायचं. सामना होतच नाही, म्हणून भांडण संपत नाही. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले.

खालच्या आळीची वाटणी तुझ्याकडं होती. तू स्वतः काही मोठा गडी नव्हतास, हे तूच चारचौघांत सांगायचास. चढाईला निघालास की मध्यरेषेपर्यंत हुतूतू आणि पुढं नुसता खोकला. पण मैदानावर फक्की मारायला तू, कुणाचा गुडघा फुटला तर हळद लावायला तू, चाकणला सामना असला की गाडी जुंपायला तू. देहूरोडच्या डेपोतली नोकरी लागली तरी सायकल हाणत सामन्याच्या वेळेला हजर. तुझ्याइतका खेळ गावात कुणी पाहिला नव्हता. माझ्याखेरीज.

आठवतं का, मैदानाकडेची आपली कडब्याची गंज? आई खालून ओरडायची, "पोरीच्या जातीनं काय बघायचं असतंय त्यात," आणि तू वरून हात देऊन मला ओढून घ्यायचास. हणमंताची चढाई मी तिथून पाहिली. स्वराज्य आलं त्याच्या आदल्या यात्रेतली. तो आत शिरला की समोरचे सगळे एकदम मागं सरायचे आणि हा मधेच थांबून, जणू काही विसरलंय असं दाखवून, वळायचा. त्या वळण्याला भुलून कुणी पुढं आलं की बाद. मी तुला म्हटलं होतं, "तो डाव्या पायावर वळतो तेव्हा खोटं वळतो, उजव्या पायावर वळला की खरंच परत येतो." तू माझ्याकडं असा पाहत राहिलास की मला वाटलं आता मार बसतोय.

त्यानंतर वाटणीच्या दिवशी तुला तहान लागायला लागली. वरच्या आळीचे तात्या नाव पुकारायचे, पाळी तुझ्यावर यायची आणि तू उठायचास. "थांबा, घोटभर पानी पिऊन येतो." चावडीसमोरचं आपलं घर, चार ढांगांत तू चुलीपाशी. "शेवंते, तात्यानं तो निघोज्याचा जावई घेतला. आता कोण घेऊ?" मी भाकरी थापता थापता सांगायची. तू तसाच पाठमोरा पळायचास. पाणी प्यायचं सोंगसुद्धा तुला धड करता आलं नाही, तांब्याला हात न लावता मिशा पुसत जायचास. सगळं गाव तुझ्या तहानेची चेष्टा करायचं आणि तू ती ऐकून घ्यायचास.

मला राग यायचा का? यायचा. संघ जवळजवळ सगळा माझा आणि मिशीवर पीळ तुझा. "काय नजर हाय गड्या तुझी," असं लोक तुला म्हणायचे आणि तू मान हलवायचास. एकदा तरी म्हणाला असतास, की नजर माझी नाही, आत भाकरी थापतेय तिची आहे. नाही म्हणालास. मीही कधी विचारलं नाही.

आणि राग धरून बसावं तर दुसरीच गोष्ट आठवते. मी कपाळ पुसून सासरहून परत आले, तेव्हा भावकीतल्यांनी तुला ओट्यावर गाठलं होतं. दिल्या घरची पोर तिथंच शोभते, म्हणाले. तू काही भाषण केलं नाहीस. "तिची ट्रंक जड हाय, जरा हात लावा," एवढंच म्हणालास, आणि त्यांच्यातल्याच एकाला ट्रंक उचलायला लावलीस. मग मला फायनलच्या परीक्षेला बसवलंस, पुण्याला ट्रेनिंगला धाडलंस, आणि मी मास्तरीण होऊन आले त्या दिवशी डेपोत पेढे वाटलेस. माझ्या पगाराला तू कधी हात लावला नाहीस. अशा माणसावर रागावायचं तरी किती?

आपलं खरं भांडण सातव्या गड्यावरून होतं. पहिल्या सहांबद्दल तू माझं ऐकायचास, सातवा मात्र तुझाच. दर साली गेनबा. गेनबा चांगला पकडणारा, नाही म्हणत नाही. घोटा धरला की सुटायचा नाही. पण त्याचा खेळ बैठा, दमानं घेण्याचा, आणि आपल्या संघात तसले दोघे आधीच होते. मला सातवा दत्ताराम हवा होता.

हा दत्ताराम तूच घरी आणलास. डेपोतला तुझा सोबती, रत्नागिरीकडचा, आपल्या आळीत खोली घेऊन राहिलेला. निघोज्याच्या सामन्याला आपले दोन गडी तापानं पडले म्हणून बघायला आलेल्या त्याला तू धोतराचा काचा मारून उतरवलंस. संध्याकाळी घरी येऊन तू वाट्या मांडून मला सगळा सामना दाखवलास. ही वाटी निघोजेकर, हे फुलपात्र आपला गेनबा बाद झालेला, आणि हे एवढंसं निरंजन म्हणजे दत्ताराम. आपले सगळे बाद, लोण चढायला आलेलं, आणि हा एकटा उरलेला. याचा हुतूतू इतका बारीक आवाजात की निघोजेकर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांची साखळी सुटली. निरंजन वाट्यांमधून सरसर निघालं आणि परत आलं. तू टाळ्या पिटायला लागलास. तो बिचारा शेजारी जेवत होता, भाकरीवर भागेना म्हणून वहिनी त्याच्यासाठी वेगळा भात टाकत होत्या, आणि तो लाजून खाली मान घालून बसला होता.

असा गडी मला दाखवलास तूच, आणि वाटणीत घ्यायचा म्हटलं तर तूच आडवा. "त्यो गावचा न्हाई." बस्स. मी म्हणायची, "गावासाठी अंगाला माती लावली तो गावचा. नाहीतर काय सातबारा बघून गडी घ्यायचा?" तू म्हणायचास, "हसू नको शेवंते. पिंपरीला कारखाना झाला, उद्या इथंबी येतील. रानं जातील, मान्सं येतील कुठकुठली. मग आमी कोन, हे ठेवायचं कशात? ह्या सात नावांत तरी ऱ्हाऊ दे." हे तू मनापासून बोलायचास. त्यामुळं मला पुढं बोलवायचं नाही.

पण पोटात एक होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. तुझ्या नियमानं मीही बाहेरचीच, दादा. माझं नाव दुसऱ्या गावात गेलं होतं, रेशनकार्डावर सुद्धा. दत्ताराम बाहेरचा, असं तू म्हणायचास तेव्हा दर वेळी मला ट्रंक घेऊन ओट्यावर उभी असलेली मी दिसायची. माझ्यासाठी तो नियम तू कधीच मोडला होतास आणि मोडल्याचं तुझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते तुला दाखवून द्यावं असं फार वाटायचं. दाखवलं असतं तर तू खजील झाला असतास, म्हणून गप्प राहिले.

शेवटच्या आठवड्यात तू खाटेवर पडून होतास. दुपारची वेळ, वहिनी काढा उकळत होत्या. तू धाप टाकत विचारलंस, "शेवंते, औंदा सातवा कोन?" मी म्हटलं, "गेनबा." तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तू डोळे उघडलेस आणि असा भडकलास, की वहिनी धावत आल्या. "मी मरायला टेकलोय म्हनून माझी बाजू घेतीस व्हय? कोकण्याचं काय झालं? भांड की!" मग खोकला आला आणि बोलणं तिथंच राहिलं. दादा, तेव्हा मी चुलीपुढं जाऊन रडले. पण आता ते आठवलं की मला हसू येतं आणि अंगात बळ येतं.

तर परवाची गोष्ट.

तुझ्या जागी सोपानला बसवला होता. आपला चुलतभाऊ म्हणून मान त्याचा, पण त्याला बैलाच्या पारखेपलीकडं काही कळत नाही हे त्यालाही ठाऊक. खापरीला एका बाजूनं थुंकी लावून तात्यांनी वर उडवली. सोपान "ओली" म्हणाला आणि ओली पडली. पहिलं नाव आपलं. त्यानं हणमंता पुकारला, तेवढं कुणालाही जमतं. हणमंताचा नातू येऊन बसला. तात्यांनी त्यांचा घेतला. मग पुन्हा पाळी सोपानची, आणि सोपान टोपी काढून डोकं खाजवायला लागला. मी आत दाराआड उभी. बऱ्याच वेळानं तात्या वैतागून म्हणाले, "आरं, सुचत नसंल तर जा की, पानी पिऊन ये!"

सगळे हसले. आणि हसता हसता सगळ्यांच्या माना आपल्या दाराकडं वळल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, दादा! किती सालांपासून कोण जाणे. तुझ्या तहानेची चेष्टा करणारे सगळे जाणून होते आणि कुणी तुझी लाज काढली नाही. तेवढ्यात मागून वहिनी आल्या. तू गेल्यापासून त्या धड चार शब्द बोलल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "वन्सं, ते आता पानी प्यायला येनार न्हाईत. तुमीच जावा."

मी ओट्याच्या कडेपर्यंत गेले. पुरुषांत जाऊन बसायचं धाडस झालं नाही, खोटं कशाला सांगू. तिथूनच दुसरं नाव घेतलं. मग तात्या म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं. आमच्यात निम्म्यांना ऐकू येत न्हाई." शाळेतली बाई मी, मोठ्यानं बोलायचं काय सांगता मला! पुढची नावं पार वेशीपर्यंत गेली असतील.

सहा झाले, आणि सातव्याला माझी पाळी आली. गेनबा बसल्या जागी पाय आवरून उठायच्या तयारीत होता. दर सालची सवय. एका डोळ्यानं आता दिसत नाही त्याला, काठी शोधत होता. सोपान माझ्याकडं सरकून हळूच म्हणाला, "आक्का, दादाचंच नाव घे की. कुनी न्हाई म्हननार न्हाई." आणि खरंच, कुणी म्हणालं नसतं. वहिनी मागं तुझं पागोटं छातीशी धरून उभ्या होत्या. पण दादा, तुझा दम मला माहीत आहे. मायेपोटी तुला सातात घेतलं असतं तर वर तूच पहिल्यांदा बोंब मारली असतीस, की गडी घेतला का सोयरीक केली.

दत्ताराम मागं उभा होता, डेपोतून परभारे आलेला, सायकलच्या दांड्यावर हात टेकून. आता तो देहूरोडच्या चाळीत राहतो. तुझ्या दहाव्यालाही आला होता आणि घाटावर सगळ्यांच्या मागंच थांबला होता. मी गेनबाकडं पाहिलं. एवढ्या म्हाताऱ्याला चारचौघांत खाली बसवायचं, तेही मी, तेही तुझ्या माघारी! पण त्या दुपारचा तुझा शेवटचा हुकूम गेनबाला घे असा नव्हता, भांड असा होता. मी नाव घेतलं. "दत्ताराम, रत्नागिरीवाला."

त्यानं सायकल तेवढी स्टँडवर लावली. तो बिचारा जागचा हलेना. "बाई, माझा नाव कशाक घेतलात?" म्हणाला. "मी हयचो न्हय." कुणीतरी मागून म्हणालंही, "खरंच की, त्यो कुठं गावचा?" मी म्हटलं, "निघोज्याला लोण चढत होतं तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं. आणि त्याला बाहेरचा म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा. मीही दिल्या घरची." बोलून गेले. तुला जे कधी बोलले नाही ते सगळ्या गावासमोर बोलले, दादा.

तात्या ताडकन उठले. मला वाटलं, आता संपलं, आता नियम काढतील. ते बोटच नाचवत होते. "हे न्हाई चालायचं! ही खोडी हाय! त्याला आमी घेनार हुतो! शेवटाला ठिवला हुता, दादा त्याला घेत न्हाई म्हनून ठिवला हुता!" वरची आळी सगळी त्यांच्यामागं ओरडायला लागली. गावचा आहे का नाही हे विचारणारा कुठं गेला ते कळलंच नाही. दत्ताराम गोंधळून आपल्या बाजूला येऊन बसला आणि हणमंताच्या नातवानं त्याला जागा करून दिली.

मग तात्यांनी रागारागानं शेवटचं नाव पुकारलं, "गेनबा!" जन्मभर खालच्या आळीत बसलेला गेनबा काठी टेकत वरच्या आळीच्या बाजूला गेला. मला वाटलं, म्हातारा दुखावला. त्यानं बसता बसता आपल्या सात जणांकडं तोंड केलं आणि म्हणाला, "आता बघतो एकेकाला. त्या कोकण्याचा घोटाच धरतो."

तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. डेपोत दत्तारामाला लोक थांबवून विचारतात म्हणे. तात्या रस्त्यात दिसले की तोंड फिरवतात आणि दहा पावलं गेल्यावर परत येऊन सांगतात की गेनबा त्याला मध्यरेषेवरच झोपवेल. काल वहिनी परड्यात शेण्या थापत होत्या, तिथूनच ओरडून त्यांनी तात्यांना सांगितलं, "झोपवतोय! निघोजेकरांनाबी असंच वाटलं हुतं." आणि स्वतःशीच हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तू असतास तर तात्यांच्या बाजूनं असतास, मला ठाऊक आहे. खुशाल अस. मी काही माघार घेणार नाही.

आज सकाळी गेनबा काठी टेकत टेकत आपल्या ओट्यापाशी आला. मी शाळेला निघाले होते. म्हणाला, "बाई, पुढच्या साली मी तात्याच्यात बसनार न्हाई. पर ह्या साली मी तुमच्या कोकण्याला धरनार म्हंजे धरनार." मी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचून त्याला सांगितलं, की गेनबा, तुम्ही वाकाल तोवर आमचा गडी परत येऊन पाणी पीत असेल. आळीतली माणसं जमली, तात्या धावत आले, आणि मला शाळेला उशीर झाला.